अध्यक्षांच्या कक्षातलं यंत्र

मृत्यू माणसाला नेतो, त्याच्या कार्याला नेऊ शकत नाही, असं आमच्या संस्थेचे अध्यक्ष दादासाहेब गेल्या महिन्यात अरुणच्या शोकसभेत म्हणाले. वाक्य खरं आहे. त्यांची अडचण नेमकी तीच आहे.

अरुण गेल्याचा फोन मला सिन्नरहून आला, संस्थेच्या वसतिगृहातून. केबल ओढता ओढता खाली बसला, तो उठलाच नाही... तो सिन्नरला का होता, हे सभेत कुणी बोललं नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

गंगापूर रोडवरच्या आमच्या कॉलेजात मी ग्रंथालय सांभाळते, तो नेटवर्क सांभाळायचा. चहा प्यायला माझ्याकडे यायचा, कारण स्टाफरूममध्ये चहाबरोबर दादासाहेबांची स्तुतीही घ्यावी लागे. त्याने बसवलेलं सॉफ्टवेअर जोडलेली उपकरणं शोधून ओळखायचं. नेटवर्कवरच्या प्रत्येक पत्त्यावर हाक मारायची. ओ आली की चौकशी सुरू. उपकरणाला कारखान्यातच एक क्रमांक दिलेला असतो, त्याच्या सुरुवातीवरून बनवणारी कंपनी कळते. मग कुठली दारं उघडी आहेत ते बघायचं. प्रिंटर छपाईची कामं घ्यायला एक दार उघडं ठेवतो, कॅमेरा चित्र द्यायला दुसरं. उत्तर द्यायची ढब सॉफ्टवेअरजवळच्या नमुन्यांशी ताडायची आणि मग ठरवायचं: हा प्रिंटर, हा कॅमेरा, हा कुणीतरी गुपचूप जोडलेला फोन. "आणि ते स्वतःचं नाव सांगतात त्याचं काय?" मी एकदा विचारलं. "नाव सगळ्यात शेवटी, मॅडम. नाव कुणीही काहीही लावतं. आपल्याकडे बघा ना."

त्यानंतर संस्थेने नेटवर्कच्या राखणीसाठी दादासाहेबांच्या मेव्हण्याकडून 'महासुरक्षा यंत्र' घेतलं. अध्यक्षांच्या कक्षात नारळ फुटला, फीत कापली गेली, यंत्राला झेंडूचा जाड हार घातला गेला. हाराने हवा कोंडून यंत्र तापलं, तेव्हा अरुणने सगळ्यांदेखत तो काढला. नाराजी तिथूनच. तपासणीत सॉफ्टवेअरने यंत्र ओळखलं: घरगुती राउटर.

"चुकतंय तुझं सॉफ्टवेअर. बदल ते," दादासाहेब म्हणाले.

"हाताने ओळख बदलता येते, साहेब. पण मग ते पुढे तुमचंच ऐकेल, यंत्राचं नाही."

"मग ऐकू दे की!"

अरुणने बदललं नाही. त्याची सिन्नरच्या वसतिगृहात बदली झाली. आदेशात कारण होतं, 'उपकरणांची चुकीची वर्गवारी'. सिन्नरपेक्षा त्याला ते तीन शब्द लागले. ते मागे घ्यावेत म्हणून तो अर्ज करत राहिला. उत्तर आलं नाही.

जाण्यापूर्वी त्याने एकच सोय केली. ओळख पटलेल्या उपकरणांचा रिपोर्ट दर सोमवारी सगळ्या विश्वस्तांना आपोआप मेलवर जाईल, प्रत माझ्याकडे. "अरे, हा सूड झाला," मी म्हटलं. "छे, रिपोर्ट आहे," तो म्हणाला. "सूड घ्यायचा असता तर हाताने काहीतरी लिहिलं असतं..." चहाच्या पेल्यामागे तो इतका आनंदी मी आधी कधी पाहिला नव्हता.

त्याच्या जागी आलेल्या नव्या माणसाला पासवर्डशिवाय सॉफ्टवेअर उघडेना. बंद करावं, तर कुठला कॅमेरा कुठे जोडलाय हे दुसऱ्या कुणालाच माहीत नाही. त्यामुळे शोकसभेनंतर दादासाहेब स्वतः माझ्यासाठी चहा घेऊन आले.

"मॅडम, अरुण आपला माणूस होता हो. तो पासवर्ड... तुम्हाला कधी बोलला होता का?"

"तो आदेश मागे घेताय का?"

"आता गेलेल्या माणसाचा आदेश मागे घेऊन काय करायचं?"

"मग मला आठवत नाही."

पासवर्ड मला पाठ आहे. हे वाचून ते पुन्हा विचारतील, तेव्हाही अट तीच राहील.

अरुणचा पेला ग्रंथालयाच्या खिडकीत आहे, सोमवारी मी त्यातच चहा घेते आणि रिपोर्ट उघडते. शोकसभेच्या पुढच्या सोमवारी त्यात नवीन उपकरण होतं, अरुणचा फोटो दाखवायला सभागृहात लावलेलं. सॉफ्टवेअरने ते ओळखलं: टीव्ही. त्याच्या वरच्या ओळीत, अध्यक्ष कक्ष: घरगुती राउटर.