हिरव्या पाटीखाली

पिंपळगाव बसवंतच्या बाहेर, हायवेलगत, द्राक्षांचं एक पॅकहाऊस आहे. त्याच्या अंगणात खांबावर हिरवी पाटी, वर इंग्रजी अक्षरं. पाटीची सावली बरी पडते म्हणून लंकाबाई कितीतरी दिवस तिच्याखाली डबा खात आली. पाटी काय म्हणते, हे तिने कधी कोणाला विचारलं नव्हतं.

यंदा ती बायकांच्या टोळीची मुकादम झाली आणि लगेच फजिती झाली. आग लागली तर काय करायचं याचा सराव म्हणून भोंगा वाजला. बायकांना वाटलं, सुट्टी झाली. कात्र्या ठेवून, डबे उचलून सगळ्या टेम्पोत जाऊन बसल्या. ड्रायव्हरने गाडीही सुरू केली. मॅनेजर ज्ञानेशसाहेब हिरव्या पाटीकडे बोट दाखवत धावत आले. शुक्रवारी परदेशी गिऱ्हाइकाचा माणूस तपासणीला येणार होता. त्याच्यासमोर असं झालं तर दुसरी टोळी बोलवावी लागेल, एवढंच ते म्हणाले.

लंकाबाईच्या मनातून ती पाटी जाईना. ऑफिसातल्या तृप्तीला तिने गाठलं. तृप्तीने वाचून दाखवलं, "असेम्बल हिअर, म्हणजे इथे जमायचं, मावशी."

"जमायचं म्हंजे कसं? बाजारात जमतात तसं, का मयताला?"

तृप्ती हसली, मग विचारात पडली. बाजारातल्या गर्दीला असं म्हणत नाहीत, ती म्हणाली. शाळेत पोरं प्रार्थनेला रांगेत उभी राहतात, ती असेम्बली. आमदार बसतात तीही. आणि फवारणी पंपाचे सुटे भाग जोडले, तरी पंप असेम्बल केला म्हणतात.

पंपाचं ऐकून लंकाबाई थबकली. तिच्या घरी धनी पंप खोलायचा. वायसर बसवायचा राहिला की पंप गळायचा. म्हणजे नुसतं येऊन भागत नाही. जो तो आपल्या जागी लागतो.

घरी जाताना टेम्पोत तिने बायकांना सांगितलं, भोंगा झाला की पाटीखाली यायचं आणि कामाच्या टेबलाशी उभ्या राहता तशाच जोडीने उभं राहायचं. एक घडातले खराब मणी कापणारी, शेजारी डबी भरणारी. उज्वला म्हणाली, "आता लग्नासारख्या जोड्या लावती का काय?" सगळ्या हसल्या.

शुक्रवारी भोंगा वाजला. बायका आल्या, जोडीने उभ्या राहिल्या. उज्वलाच्या शेजारची जागा मोकळी होती.

"माझी सरुबाई नाय," ती म्हणाली.

लंकाबाई आत पळणार होती. पण आत जायचं नाही, असं साहेबांनी बजावलं होतं. तिने त्यांना हाक मारली. त्यांनी मागच्या कोठीतून सरुबाईला आणलं. तिला कमी ऐकू येतं. ती रिकाम्या डब्या मोजत बसली होती आणि कामातून उठवलं म्हणून कुरकुरत होती. तपासणीला आलेल्या पाहुण्याने मान डोलावून कागदावर काहीतरी लिहिलं.

उद्या टेम्पो नेहमीच्या वेळी पाठवतो, असं संध्याकाळी साहेब म्हणाले. लंकाबाईने तेव्हा कुठे पदराने तोंड पुसलं.

गाडी सुटण्याआधी तिने तृप्तीला ऑफिसच्या खिडकीशी बोलावलं. "जमल्यावर पांगायचं असतं, त्याला काय म्हणतात गं?"


तृप्ती सांगणार तोच सरुबाई टेम्पोतून ओरडली, "लंके, बस आता. तुझीच जागा मोकळी हाय."