बेल्ह्याच्या बाजारात नेलेलं पत्र

आज ऑफिसात नव्या ट्रेनी मुलांना ओळखपत्रं वाटली. त्यांवर छापलेला 'ट्रेनी' हा शब्द वाचला आणि मला बेल्ह्याचा बैलबाजार आठवला.

साल दोन हजार. पुण्याच्या कंपनीचं पत्र दुपारी घरी आलं. आण्णा, म्हणजे माझे वडील, बाजाराला गेलेले. संध्याकाळपर्यंत थांबणं मला शक्यच नव्हतं. पत्र घेऊन आमच्या आळे गावाहून मिळेल त्या टेम्पोत बसले. बाजारात कडब्याची धूळ, शेणाचा वास, भज्यांचा घाणा. त्यातून मी पळत सुटले. आण्णा एक खोंड बघत होते. विकणाऱ्यानं तो गाडीला जुंपून दाखवायला आणला होता.

"आण्णा, नोकरी लागली!"

"पर्मनंट?"

"नाही, ट्रेनी. दीड वर्ष सगळ्या खात्यांत फिरवून शिकवणार. पगार बेताचा, आणि मधेच सोडायचं नाही. काम आवडलं तर ठेवणार."

"म्हंजी तुला जुपून बघणार," खोंडावरची नजर न काढता आण्णा म्हणाले.

माझा चेहरा पडला. तेव्हा कुठे ते वळले. "आगं, जुपल्याबिगर खोंडाला तरी कसं कळायचं, मालक कसाय? तूबी बघ त्यांना." आणि लगेच खोंड विकणाऱ्याला ओरडून, "पावणं, पोरगी कंपनीत लागली माझी! लई हुशार हाय!"

तेव्हा खोंडाशी केलेली तुलना मला झोंबली होती.

दीड वर्षानं साहेब म्हणाले, "तुम्हाला ठेवतोय."

मी म्हणाले, "दोन दिवसांत विचार करून सांगते."