वीजमावशीची वाटणी

वीजमावशीच्या नादी लागायचं नाही, हे सगळ्या ड्रायव्हरांना ठाऊक होतं. साहेब नवा होता, त्याला कोण सांगणार!

बाई मूळची वायरमन. वीस वर्षं खांबांवर चढली, गुडघे गेले, तेव्हा तिला कंत्राटावर कॉम्प्युटरच्या पडद्यासमोर बसवलं. विजेवरच्या गाड्यांची चार चार्जिंग स्टेशनं: दवाखाना, बाजार, बसडेपो आणि नवं हॉटेल. चारही मिळून वीज ठरलेली. एकाला वाढवायची तर दुसऱ्याची कापायची. जास्त ओढली की चारही ठप्प. कॉम्प्युटर चारही ठिकाणी समान वाटणी करून मोकळा. मावशीला ते मुळीच पटत नसे. ती रोज सकाळी ड्रायव्हरांना फोन लावायची, "कधी निघायचं? किती लांब?" आणि वहीत टिपायची. ज्याला आधी निघायचं, त्याला आधी वीज.

एके दुपारी अडीचला साहेबाचा फोन आला. "हॉटेलवर पाहुण्यांच्या सहा गाड्या आल्यात. दवाखान्याची वीज बंद करा, सगळी इकडे द्या."

मावशीने वही पाहिली. डायलिसिसची गाडी, चार वाजता, पाच पेशंट आणायला, नदीपलीकडे. बॅटरी अर्धीसुद्धा भरली नव्हती.

"नाही जमणार, साहेब."

"नोकरी कायम व्हायला बावीस दिवस राहिलेत ना तुमचे?"

तिचा नवरा अंथरुणाला खिळलेला, कमावती ती एकटीच. पण मग तिला राग आला. धमकी देतो मेला! तिने हॉटेलची वीज होती तीही कमी करून टाकली.

पंधरा मिनिटांत साहेब लालबुंद होऊन दारात हजर.

"कुणाला विचारून केलंत?"

"कुणालाच नाही. या, बसा." तिने खुर्ची सोडली. "दवाखान्याची बंद करायची ना? तुमच्या हाताने करा."

साहेब बसला, माउस धरला. मावशीने डायलिसिसच्या गाडीच्या ड्रायव्हरला फोन लावून स्पीकरवर त्याच्यापुढे ठेवला.

"मावशी, गाडी चारला निघेल ना?" ड्रायव्हर विचारत होता. "नदीपलीकडच्या त्या पेशंट आजी आत्तापासूनच पिशवी घेऊन दारात बसल्यात म्हणे."

साहेबाने माउसवरचा हात काढला. "निघेल," तो पुटपुटला.

"मोठ्यानं सांगा. त्याला ऐकू नाही गेलं."

"चारला निघेल!"

साहेब उठला. "बावीस दिवसांनी बघतो तुमच्याकडे."

"बघा की," मावशी म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली. "तोवर वाटणी मीच करणार."