वाटीआत्याचं ओगराळं

वाटीआत्या कुठेही जेवायला गेली की पिशवीतून स्वतःची वाटी काढायची. स्टीलची, बुटकी, एका बाजूला पोचा आलेली. लग्न असो, नामकरण असो, कुणाच्या बढतीचे पेढे असोत. वाढणारा गोड घेऊन वाकला की ती एक हात ताटावर आडवा धरायची आणि दुसऱ्या हातानं वाटी पुढे करायची. "यात घाला. अर्धी." वाढणारा हसायचा, शेजारची पंगत हसायची. आत्या मात्र गंभीर. तिच्या लेखी तो गमतीचा विषय नव्हता. माझ्याही लेखी नाही, म्हणून तर लिहायला बसले आहे.

ती माझी सख्खी आत्या नव्हती. नाशिकरोडच्या आमच्या वसाहतीत ती भावाच्या घरी राहायची, भावाची मुलं तिला आत्या म्हणायची, म्हणून मग सगळी वसाहतच म्हणायला लागली. नगरपालिकेच्या शाळेत मास्तरीण. आवाज खणखणीत, अक्षर मोत्यासारखं आणि अंगानं चांगलीच भरलेली. आता आमच्याकडे बाईच्या जाडीवर बोलणं हा सार्वजनिक हक्क समजतात. आत्या रिक्षात बसली की रिक्षावाला वाकून टायर बघायचा. वसाहतीच्या मंडळाचे अध्यक्ष दामूअण्णा यांचं पोट सभेच्या खोलीत त्यांच्या आधी शिरायचं, पण त्यावर कुणी ब्र काढला नाही. त्यांना लोक भारदस्त म्हणायचे! हा न्याय कुठला, ते मला आजतागायत कुणी समजावून सांगितलेलं नाही.

बुद्धपौर्णिमेला आमची वसाहत ट्रक करून त्रिरश्मी लेण्यांवर जाते. कृपा करून पांडवलेणी म्हणू नका. पांडवांचा तिथं काडीचा संबंध नाही. वर वंदना होते आणि मग खीर वाटतात, कारण उपासानं खंगलेल्या बुद्धांना सुजातेनं खीर दिली होती. आमच्या खिरीला घराघरातून तांब्याभर दूध येतं. तांदूळ इगतपुरीचा, आत्याचा भाचा तिथं रेल्वेत होता, तो पाठवायचा. पहाटे खीर शिजवायची ती आत्याच. मग पोरं पातेलं बांबूला अडकवून पायऱ्या चढायची, मागोमाग सगळी वसाहत. आणि जिनं खीर केली ती पायथ्याला पोतं अंथरून आमच्या चपला राखत बसायची.

हे कुणी ठरवलं? कुणीच नाही. एका वर्षी गुडघे दुखले म्हणून ती खाली थांबली. दुसऱ्या वर्षी सगळ्यांनी न विचारताच तिच्यापुढे चपला काढल्या. तिसऱ्या वर्षी दामूअण्णा कर्ण्यावरून सांगायला लागले, "पादत्राणं आत्याबाईंजवळ ठेवावीत!" वरून येताना कुणीतरी तिच्यासाठी द्रोणात खरवड आणायचं. एका वर्षी तेही सगळे विसरले. त्या संध्याकाळी ती आमच्या ओट्यावर बसली होती. शांतपणे म्हणाली, "सुजातेला पायथ्याशीच बसवून ठेवलं असतं, तर खीर भगवंतांपर्यंत पोचली असती का ग?" थोड्या वेळानं म्हणाली, "पुढच्या पौर्णिमेला मी माझ्या पायांनी वर येणार. आणि माझ्या हातानं वाढणार."

डॉक्टरांनी सांगितलं, गुडघ्यांवरचं ओझं उतरवा, गोड पूर्ण बंद. आत्यानं बंद केलं. चहा बिनसाखरेचा, सणाला पुरणपोळीऐवजी भाकरी. मी खूश झाले. मी तेव्हा नुकतीच पत्रकं काढायला शिकले होते, मला 'पूर्ण', 'संपूर्ण', 'समूळ' हे शब्द फार आवडायचे. आणि मग शाळेत स्कॉलरशिपचा निकाल लागला. एका पालकानं पेढ्यांचा पुडा आणून तिच्या टेबलावर ठेवला. दुपारी ती आमच्याकडे आली ती पदरानं तोंड पुसतच. "रिकामा केला ग पुडा. उभ्या उभ्या. चवसुद्धा कळली नाही."

मी भाषण द्यायच्या तयारीत होते. तिनं हातानं थांबवलं. "भगवंतांनी उपास केला, हाडं दिसायला लागली, हाती काही लागलं नाही. मग खीर घेतली. घेतली की नाही?"

"घेतली," मी म्हटलं.

"पण त्यांनी दुसरी वाटी मागितल्याचं कुठं वाचलंस का?"

दुसऱ्या दिवसापासून तिच्या पिशवीत वाटी आली.

वाटीचे तिचे कायदे होते. गोड उभ्यानं खायचं नाही. वाटी अर्धीच भरायची, आणि एकदाच. आणि गोड तोंडात असताना बोलायचं नाही. "बोललं की जिभेला कळतच नाही आपण काय खाल्लं. मग ती परत मागते," ती म्हणायची. एरवी वर्गात दिवसभर बोलणारी ही बाई अर्ध्या वाटी श्रीखंडापुढे अशी गप्प बसायची की समोरच्यालाही बोलायचा संकोच वाटावा. खाऊन झालं की वाटी धुवायची, पदराला पुसायची, पिशवीत टाकायची आणि म्हणायची, "हं, आता बोला."

मला हे अर्धवट धोरण पसंत नव्हतं. मी एक पत्रक लिहिलं, 'गोड हे विष आहे! विष नाकारा!' सायक्लोस्टाइलला टाकण्याआधी आत्याला दाखवलं. तिनं पर्समधून लाल पेन काढलं आणि 'विष' दोन्हीकडे खोडलं. "विष असतं तर तुझ्या नामकरणाला तुझ्या आईनं वाटलं नसतं. आणि 'नाकारा' काय? 'थोडं घ्या' लिही."

"आत्या, 'थोडं घ्या' ही घोषणा होत नाही!"

"मग घोषणा करू नकोस. सांग."

ते पत्रक निघालंच नाही. 'थोडं घ्या' म्हणत मोर्चा निघत नाही, हे माझं मत अजूनही कायम आहे. पण तेव्हापासून ती मला पत्रकबाई म्हणायला लागली, आणि पेढा समोर आला की मीही बसून घेऊ लागले.

सकाळी शाळेच्या आधी ती एकलहऱ्याच्या रस्त्यानं चालायला जायची. पाचवारी साडी, खाली पांढरे कॅनव्हासचे बूट. त्या काळात बाई माणूस कामाशिवाय भरभर चालताना दिसलं की लोकांना ते बघवत नसे. पॉवर स्टेशनवर पाळीला निघालेले सायकलवाले ओरडायचे, "बाई, यष्टी चुकली का?" मी सोबत असले की माझं डोकं तडकायचं. मी दगड शोधायला वाकायचे. आत्या चाल न मोडता म्हणायची, "चुकली नाही बाबांनो, मीच सोडली." चिमण्यांचा धूर जवळ दिसायला लागला की ती परत वळायची. धाप लागलेली असायची, पण पुढच्या खांबापर्यंत जायचं ठरवलं असेल तर खांबाला हात लावूनच वळायची.

वजन बघायला आम्ही स्टेशनवर जायचो. फलाटावर ते दिव्यांचं, गरगरत्या चकत्यांचं यंत्र होतं. नाणं टाकलं की जाड पुठ्ठ्याचं तिकीट बाहेर पडायचं, एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. आत्या आधी भविष्य वाचायची. 'आपला स्वभाव दिलदार असून लवकरच प्रवासाचा योग आहे.' मी भडकायचे. एवढी शिकलेली बाई, आपल्या चळवळीतली, आणि यंत्राचं भविष्य वाचते?

"यंत्राचं वजन तुला चालतं, मग भविष्यानं काय घोडं मारलंय?" ती हसून म्हणायची. "वजन बघून मान खाली जाते ग. भविष्य वाचलं की निदान घरी चालत जावंसं वाटतं." वजन उतरत होतं, पण रडतखडत. दिवाळीत पुन्हा चढलं. तिनं तिकीट पर्समध्ये टाकलं आणि दुसऱ्या सकाळी नेहमीच्या वेळेला बूट घातले.

त्याच वर्षी दामूअण्णांच्या मुलीचं लग्न झालं. अण्णा स्वतः जिलेब्यांचं ताट घेऊन पंगतीत फिरत होते. आत्यानं वाटी पुढे केली. अण्णा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "अहो आत्याबाई, एका जिलेबीनं काय होतंय? एवढ्या मोठ्या देहात कुठं हरवली ते कळणारसुद्धा नाही!" पंगत फिदीफिदी हसली. मी उठायच्या बेतात होते, आईनं माझा पदर धरून ठेवला.

"हरवेल हो," आत्या म्हणाली. "मग तिला शोधायला मलाच डोंगर चढावा लागेल. अर्धी घाला."

आणि पौर्णिमा आली.

पायथ्याला दामूअण्णांनी सवयीनं कर्णा तोंडाला लावला, "पादत्राणं आत्याबाईंजवळ..." आत्या तोवर पहिली पायरी चढली होती. बूट तिनं स्वतःच काढून एका दगडावर ठेवले होते. "यंदा चपलांनी चपला राखाव्यात, अण्णा," तिनं वळून सांगितलं. पोरं पातेलं घेऊन केव्हाच पुढे गेली. सगळी वसाहत आमच्या बाजूनं वर निघून गेली. शेवटी पायऱ्यांवर आम्ही दोघीच राहिलो. तिच्या पिशवीतून मंडळाचं खीर वाढायचं लांब दांड्याचं ओगराळं बाहेर आलेलं मला दिसत होतं, पण तेव्हा माझ्या डोक्यात काही प्रकाश पडला नाही.

अर्ध्यात ती बसली. घोटभर पाणी प्यायली, उठली. पुढच्या वळणावर पुन्हा बसली. वरून वंदनेचे सूर येत होते, ते थांबले. आत्याचा गुडघा साडीतूनही थरथरताना दिसत होता. ती बराच वेळ खाली ट्रककडे बघत राहिली. "पत्रकबाई," ती म्हणाली, "मला वाटतं, इथपर्यंतच."

माझ्याकडे एवढे शब्द, पण एक कामाचा निघेना. तेवढ्यात वरच्या कठड्यावरून दामूअण्णांचा आवाज आला, तोही कर्ण्याशिवाय. "आत्याबाई! ओगराळं कुठाय?"

आत्यानं पिशवीतून ओगराळं काढून उंच धरलं. उन्हात ते असं चमकलं की वरून सगळ्यांना दिसलं असणार.

"पोरगं पाठवतो, त्याच्याकडं द्या!"

"नको! माझं सामान मीच आणते!"

वर काय चाललं होतं ते मला नंतर आईनं सांगितलं. कुणीतरी म्हणालं, तांब्यानं काढा. आईनं पातेल्यावर झाकण ठेवलं, त्याच्या शेजारी मांडी घातली आणि म्हणाली, "खीर थांबेल." मग कुणाची हिंमत झाली नाही.

"भुकेली माणसं वर बसलीत," आत्या मला म्हणाली. "ऊठ." मी म्हटलं, ओगराळं तरी मी धरते. "हात लावून तर बघ!" म्हणून तिनं ते काठीसारखं पायरीवर टेकलं आणि उभी राहिली. बाकीच्या पायऱ्या चढताना ती बसली नाही. थांबली, पण बसली नाही.

वर पोचलो तेव्हा दामूअण्णा घाम पुसत उभे होते. "काय हो आत्याबाई, ओगराळं विसरून पिशवीत राहिलं होय?"

"विसरलेच की हो," आत्या धापा टाकत म्हणाली. "तुम्ही मला खाली विसरायचात ना, तसंच."

कुणी हसलं नाही. अण्णांनी मान खाली घातली. मग तिनंच सांगितलं, "बसा, पंगतीनं बसा." आणि वाढायला सुरुवात केली. अण्णांच्या द्रोणात तिनं अर्धं ओगराळं घातलं. त्यांनी वर बघितलं, "एवढीच?"

"पाहिजे तर परत मागा. पण बसून."

सगळ्यांचं झाल्यावर तिनं आपली वाटी काढली. आई म्हणाली, आज तरी भरून घ्या. "आजच तर अर्धी पुरते," आत्या म्हणाली. लेण्याच्या सावलीत भिंतीला टेकून बसली आणि नेहमीसारखी गप्प राहून खाल्ली. वसाहतीतली ती बडबडी माणसं, पण तिची वाटी संपेपर्यंत कुणी एक शब्द बोललं नाही.

पुढे ती निवृत्त झाली आणि भाच्याकडे इगतपुरीला राहायला गेली. सडपातळ वगैरे ती कधीच झाली नाही. डोंगर चढण्यापुरती हलकी झाली आणि तेवढीच राहिली. जाताना मंडळाचं ओगराळं घेऊन गेली. "मी आल्याशिवाय पातेलं उघडायचं नाही," म्हणाली. दरवर्षी पौर्णिमेला सकाळच्या पॅसेंजरनं आत्या यायची, पिशवीतून दांडा बाहेर आलेला.

गेल्या वर्षी गाडीतून भाचा एकटाच उतरला. आदल्या पावसाळ्यातच ती गेली होती, झोपेत, फारसं कुणाला न कळवता. त्यानं ओगराळं माझ्या हातात दिलं. वाटी त्यानं घरी ठेवून घेतली होती. ते बरोबरच होतं.

पायथ्याला आलो तर कुणीतरी पोतं अंथरलेलं, आणि पोत्यावर दामूअण्णा. गुडघे गेले होते त्यांचे. चपला त्यांच्यापुढे पडायला लागल्या होत्या. "मी बसतो खाली," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "आता माझं वय झालं." माझ्या जिभेवर किती तरी वाक्यं आली होती, सगळी उद्गारचिन्हांची. मी ती गिळली आणि ओगराळं त्यांच्या मांडीवर ठेवलं.

त्यांना चढायला फार वेळ लागला. वर आई पातेल्यावर झाकण ठेवून बसली होती.

यंदाच्या पौर्णिमेचं पत्रक मीच लिहिलं. ट्रक कुठून निघेल, दूध कुठं पोचवायचं, आणि शेवटी एक ओळ, 'ओगराळं शेवटच्या माणसाबरोबर येईल.' दामूअण्णांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "यात घोषणा कुठाय ग?"

"घोषणा नाही, अण्णा," मी म्हटलं. "सांगितलंय."