मोतीचा जवस

सुनेनं चटणीसाठी जवस भाजायला घेतला. तो तव्यावर तडतडू लागला आणि त्या खमंग वासानं मला पन्नास वर्षांमागच्या नागपूरच्या आमच्या अंगणात नेऊन बसवलं.

त्या हिवाळ्यात आमच्या म्हाताऱ्या कुत्र्याचे, मोतीचे, मागचे पाय आखडले होते. जवसानं बाबांच्या गुडघ्यांना आराम पडतो, तर मोतीलाही पडेल, असं आईनं ठरवूनच टाकलं होतं. रोज ती भाजलेला जवस कुटून, चिमूटभर हळद घालून त्याच्या भाकरीत कुस्करायची. त्या सकाळी मोतीनं वाटीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आईनं उन्हात फतकल मारली, त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि घास त्याच्या तोंडाशी धरला.

"खा गा बाबू, उद्या उठशीन."

"काहून तरास देऊन राहिली वं त्याले?" बाबा खाटेवरून म्हणाले.

मोतीनं आईकडे पाहिलं आणि घास गिळला. औषध लागू पडलं म्हणून मी मूर्खासारख्या टाळ्या पिटल्या. चौथ्या दिवशी बाबांनी त्याला पोत्यात गुंडाळून नेलं.

पुढे आई अंथरुणाला खिळली. डॉक्टरांनी हात टेकले होते, तरी मी पेजेचा चमचा तिच्या ओठांशी धरला.

"खा वं आई, उद्या उठशीन."

मोतीनं तिच्याकडे पाहिलं होतं, तसंच तिनं माझ्याकडे पाहिलं. आणि गिळलं.