झाकण लावलंस का?

अंधेरीपासून मुलुंडपर्यंतचे सगळे इंजिनिअर तराजूच्या एका पारड्यात आणि आमच्या ऑफिसातल्या टायपिस्ट बाई दुसऱ्या पारड्यात बसवल्या असत्या, तर बाईंचंच पारडं खाली गेलं असतं. वर लटकलेल्या इंजिनिअरांना त्यांनी तिथूनच विचारलं असतं, की सकाळपासून पोटात काही गेलंय की नाही. गोष्ट ऐंशीच्या दशकातली. मरोळच्या एका गाळ्यांच्या इमारतीत खाली खिळ्यांचा कारखाना होता आणि वर आमचं सॉफ्टवेअरचं ऑफिस. बूट-चपला बाहेर काढून आत जायचं, कारण आत एअरकंडिशनर होता आणि एक संगणक होता. त्याला जोडलेली सहा टर्मिनलं, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. बाईंनी वीस वर्षं टाइपरायटर बडवला होता. कंपनीने तो उचलून नेला आणि पन्नाशी ओलांडलेल्या बाईंसमोर एक टर्मिनल ठेवलं. आम्हाला वाटलं, आता बाई राजीनामा देणार. बाईंनी टर्मिनलला हळदकुंकू लावलं आणि महिनाभरात आम्हालाच शिकवायला लागल्या.

मजकूर लिहायचा तो व्हीआय नावाच्या एडिटरमध्ये. माउस वगैरे लाड नव्हते. एकच कळ कधी अक्षर उमटवी, तर कधी हुकूम बजावी, आणि आत्ता ती काय करणार हे ज्याचं त्याने लक्षात ठेवायचं. साहेबांनी दिलेला हुकमांचा कागद बाईंनी घरी नेऊन कालनिर्णयाच्या शेजारी टांगला आणि प्रत्येक हुकमाचं बारसं केलं. एस्केपची कळ म्हणजे उंबरा. लिहिताना तुम्ही आत, हात पिठात. हुकूम सोडायचा तर आधी उंबऱ्यावर या. दोनदा डी दाबला की अख्खी ओळ जाते, ते 'केर काढणं'. दोनदा वाय म्हणजे ओळीची नक्कल, ते 'उसनी घेणं'. यू दाबला की शेवटची चूक मागे फिरते, ते 'चुकले बाई'. कोलन आणि डब्ल्यू, म्हणजे लिहिलेलं डिस्कवर साठवणं, ते 'झाकण लावणं'. साठवून बाहेर पडणं म्हणजे 'झाकपाक करून निघणं'. आणि न साठवता बाहेर पडायचा जो हुकूम, कोलन, क्यू आणि पुढे उद्गारचिन्ह, त्याला बाई म्हणत 'भांडून निघणं'. दिल्लीहून आलेला एक बडा अधिकारी सहज मागे उभा असताना बाईंनी नव्या मुलीला सांगितलं, "केर काढ, वरची ओळ उसनी घे, झाकण लाव." त्याने आमच्या साहेबांना हळूच विचारलं, की हा विभाग कँटीनचा का.

उंबऱ्याची सवय तर त्यांच्या अंगात मुरली होती. कुणाशीही बोलण्याआधी त्या टेबलाच्या डाव्या कोपऱ्यावर, जणू एस्केपची कळ तिथेच आहे, बोटाने दोनदा टकटक करीत, जेवायला बसताना डब्याच्या झाकणावरही. गोरेगावहून आरे कॉलनीतून येणाऱ्या बसमध्ये कंडक्टरला तिकीट मागण्याआधी त्या समोरच्या दांडीवर टकटक करीत, आणि तो बिचारा दरवेळी घंटी समजून वर बघे. दर तासाला त्या टर्मिनलांवरून फेरी मारत आणि एकेकाच्या मानेमागे विचारत, "झाकण लावलंस का रे, मेल्या?" मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो आणि स्वतःला फार हुशार समजत होतो. बाईंच्या देखत मी कधीच झाकण लावलं नाही.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला मी एका गिऱ्हाइकासाठी माहितीपुस्तिका लिहीत होतो. दोन दिवस फाइल उघडीच होती, एकदाही न साठवता, आणि संध्याकाळी चार वाजता गिऱ्हाईक येणार होतं. सकाळी चहाला उठताना मी बाईंचं एक ऐकलं, एस्केप दाबून उंबऱ्यावर आलो. दुसरं ऐकलं नाही. माझ्या मागे बाई पूजेला निघाल्या. खंडेनवमीला हत्यारं पुजायची, आणि आमची हत्यारं म्हणजे ही टर्मिनलं. प्रत्येकाला झेंडूची माळ, हळदकुंकू. मधल्या टर्मिनलपाशी नारळ ठेवायला सपाट जागाच नव्हती, म्हणून त्यांनी तो कीबोर्डवर अलगद टेकवला. मधलं टर्मिनल माझं होतं, आणि नारळ नेमका डीवर टेकला होता. मी परत आलो तेव्हा बाई डोळे मिटून, हात जोडून उभ्या होत्या. पडदा कोरा होता आणि टर्मिनल एकसारखं केकाटत होतं. नारळाने ओळीमागून ओळीचा केर काढून टाकला होता. मी यू दाबला, एक ओळ परत आली. पुन्हा दाबला, तर तीही गेली. त्या वेळी एकच चूक मागे फिरायची.

मी भडकलो. सगळ्यांच्या समोर बाईंना म्हणालो, "हे तुमचं स्वयंपाकघर नाही. टाइपरायटरच बरा होता तुम्हाला." बाईंनी नारळ उचलला, खाली ठेवला, माझ्या खुर्चीत बसल्या. टेबलाच्या कोपऱ्यावर दोनदा टकटक केलं आणि भांडून निघण्याचा हुकूम दिला. फाइल पुन्हा उघडली तेव्हा परवाचा मजकूर तसाच्या तसा होता. गेलं होतं ते दोन दिवसांचं. "सांग," त्या म्हणाल्या. मी आठवून सांगत गेलो, त्या टाइप करत गेल्या. जेवणाचा डबासुद्धा त्यांनी उघडला नाही. चारला दहा मिनिटं असताना त्यांनी स्वतः झाकण लावलं आणि खुर्ची मला दिली.

चूक माझी होती, हे मला त्या खुर्चीत बसतानाच कळलं होतं. तोंड मात्र उघडलं नाही. उद्या बोलू, परवा बोलू, करता करता दोन महिन्यांनी मला बंगळूरला नोकरी लागली. शेवटच्या दिवशी सगळ्यांचा निरोप घेतला. बाई चपलांच्या मांडणीपाशी उभ्या होत्या. मी लेस बांधायला मुद्दाम वेळ लावला, आणि त्यांच्याकडे न बघता जिना उतरलो.

बंगळूरला माझ्या मानेमागे कुणी काही विचारत नसे. तिथे मी दर दहा मिनिटांनी फाइल साठवायचो आणि साठवली की मागे वळून बघायचो. दोन वर्षं मला बाईंची अशी आठवण यायची, की घरच्यांची आली नसेल. शेवटी रजा काढून आलो, तर त्या नोकरी सोडून बहिणीकडे खाडीपलीकडे मनोरीला राहायला गेल्या होत्या. मार्व्याच्या धक्क्यावरून मी दोन बोटी सोडल्या आणि तिसरीत बसलो. बाई अंगणात सुकट राखत बसल्या होत्या. मला बघून त्यांची मालवणी बाहेर आली, "खंय होतंस रे इतके दिस?" मग चहा, पोहे, पुन्हा चहा. मी तीनदा विषय काढायला गेलो. तिसऱ्यांदा म्हणालो, की बाई, त्या दिवशी मी जे बोललो, त्याबद्दल... बाईंनी खाटेच्या कडेवर दोनदा टकटक केलं.

"तू भांडून निघालास ना? मग ते लिहिलंय कुठे? माझ्याकडे त्याच्या आधीचंच आहे सगळं."

मी म्हणालो, "मला माफी मागायची होती."

"ती कशावर लिहू? पोहे खा."

पुढच्या पावसाळ्यानंतर त्या गेल्या. मला कळलं तेव्हा महिना उलटून गेला होता. बाईंनी मला मोकळं केलं असं ही गोष्ट ऐकणारे म्हणतात, पण मला तसं वाटत नाही. भांडण त्यांनी साठवलं नाही, म्हणून माझी माफीही कुठे साठली नाही, आणि गेली इतकी वर्षं ती माझ्यापाशी तशीच उघडी पडून आहे. आजही मी त्याच जुन्या एडिटरमध्ये लिहितो. नवे एडिटर सगळं आपलं आपण साठवतात, कुणी विचारायची गरज पडत नाही. मला विचारलेलं हवं असतं.

हे लिहिताना दोनदा टेबलाच्या कोपऱ्यावर टकटक केलं. बाई, त्या दिवशी चूक नारळाची नव्हती, तुमची नव्हती, माझी होती. चुकलो. आणि हो, झाकण लावलंय.