नायक गणपतीला घरी गेला नाही

कादंबरीतल्या माणसांची खरी काळजी करणारा आमच्या अख्ख्या कॉलेजात एकच विद्यार्थी होता, असं मला वाटतं, आणि तो माझ्या खोलीतला जोडीदार होता. बाकी आम्ही सगळे परीक्षेची काळजी करायचो. दोघंही लांज्याकडच्या खेड्यातले, घरातून कॉलेजात आलेले पहिलेच. पण मी तिथे बिचकत वावरायचो, आणि तो आपल्या गोठ्यात शिरावं तसा वर्गात शिरायचा. कुठलंही पुस्तक हातात आलं की आधी शेवटचं पान काढायचा. "माणूस शेवटापर्यंत जगतोय काय ते बघतो. मरणाऱ्याशी ओळख वाढवून उगाच जिवाला त्रास." वाचायचा मोठ्यानं, आणि पुस्तकातल्या माणसांना मध्येच दटावायचा. एकदा तो "एवढ्या पावसात कुठं निघालास मेल्या, बस घरात," असं ओरडला, तेव्हा छत्री उघडून अंगणात उतरलेले आमचे घरमालक मुकाट्यानं परत आत गेले.

दुसऱ्या वर्षाला आम्हाला एका परदेशी कादंबरीचं भाषांतर लावलं होतं. सोळा वर्षांचा मुलगा घर सोडून शहरात जातो, पाच वर्षं भटकतो, प्रेमात पडतो, उपाशी राहतो, आणि शेवटी एका टेकडीवर उभा असताना आपण मोठे झालो असं त्याला कळतं. थोर कादंबरी आहे असं सर म्हणाले, म्हणून मीही म्हणालो. जोडीदाराचं लक्ष मुलाच्या जेवणावर. "साठ पानं झाली, एकदाच जेवलाय. तोपण नुसता पाव." लायब्ररीच्या प्रतीत त्यानं समासात जागोजाग पेन्सिलीनं लिहिलं, 'जेवलास काय?' ग्रंथपालांनी बोलावून हातात खोडरबर दिला. त्यानं सगळं खोडलं, एक तेवढं ठेवलं, कारण त्या पानावर मुलाला ताप होता.

मग सरांनी ट्युटोरियल दिलं : नायक मोठा कधी झाला, स्वतःचं मत लिहा. स्वतःचं मत मला तोवर कुणी विचारलं नव्हतं, म्हणून मी ते गाइडमधून उतरवलं. सगळा वर्ग टेकडीवर मोठा झाला. जोडीदारानं तीनच ओळी लिहिल्या : 'नायक मोठा झालाच नाही. पाच वर्षांत पाच गणपती आले. एकदाही घरी गेला नाही.'

सरांनी त्याला उभं केलं. "अहो, त्या देशात गणपती नसतात."

"नसू देत सर. आई असते ना?"

वर्ग हसला. सर हसले नाहीत. सोमवारपर्यंत नीट लिहून आणा, नाहीतर सही नाही, म्हणाले. सही नाही म्हणजे टर्म नाही, आणि टर्म गेली तर त्याचे वडील त्याला मुंबईला ते स्वतः कामाला होते त्या कारखान्यात चिकटवणार होते. मी दोन दिवस त्याची विनवणी केली. शेवटी त्यानं गाइडमधली चार पानं सुवाच्य अक्षरात उतरवली आणि खाली लिहिलं, 'वरील मत गाइडचे आहे. माझे मत मागील पानावर आहे, ते तसेच आहे.' सरांनी ते वाचलं. मग त्यांनी पान मागं उलटलं आणि त्या तीन ओळींखाली सही केली.

टर्म मिळाली, पण वार्षिक परीक्षेत इंग्रजीनं त्याला अडवलंच, आणि तो मुंबईला गेला. जाताना ती वही माझ्याकडे ठेवून गेला. यंदा गणपतीच्या आदल्या दिवशी मी गावी जाण्याआधी एसटी स्टँडवर थांबलो. मुंबईच्या गाड्या एकामागून एक आल्या, माणसांनी भरलेल्या. तो कुठल्याच गाडीतून उतरला नाही. विसर्जन झाल्यावर खोलीवर परतलो तर दारात कार्ड पडलेलं. 'रजा नाय मिळाली. आयेला सांगितलंय. त्या पोराला मी उगाच बोललो. त्यालापण मिळाली नसेल. वहीतलं माझं मत तेवढं खोडून टाक.'

मी खोडरबर घेऊन बसलो. पण त्याखाली सरांची सही होती, आणि खरं सांगायचं तर ते मत एव्हाना माझंही झालं होतं. मी वही मिटून ठेवली. मग कार्ड आणलं. बरंच लिहायचं मनात होतं, पण मला पटकन लिहायला जमत नाही. शेवटी त्याचंच वाक्य त्याला लिहिलं, 'जेवलास काय?', आणि भाट्याच्या समुद्राकडून वारा सुटला होता तरी चालत जाऊन पेटीत टाकून आलो.